नमुन्याचा हब कडक, डब्यातला कच्चा

नागपूरच्या एका ठोक व्यापाऱ्याने मला फसवलं, आणि माझ्या हातून पवनारच्या देवरावला. देवराव वांगी पिकवतो, सायकलवर लादून वर्ध्याच्या बाजारात आणतो. माझं वर्ध्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या मागच्या चाकात मी नवा हब टाकला होता. पंधरा दिवसांत तो सायकल ढकलत दुकानात हजर.

"दादा, चाक डोलून राह्यलं. काल धाम नदीच्या पुलावर वांग्यासकट आडवा झालो. लोकायच्या गाड्याखाली तिथंच भरीत झालं."

"ओझं किती होतं?"

"दोन पोते. तुमीच म्हणे, तीन टाकजो."

म्हटलं होतं खरं.

हब म्हणजे चाकाच्या मधली नळी. तिच्या भोकांत आरे अडकतात. आत दोन कटोऱ्या, कटोऱ्यांत छर्रे. देवरावची सायकल त्याच्या बापाची. अशा जुन्या सायकलच्या मागच्या हबला चाळीस भोकं असतात. बाजारात छत्तीसवाला स्वस्त मिळतो. पण तो घेतला की रिम बदला, आरे बदला. स्वस्त हब अख्ख्या चाकाच्या भावात पडतो. म्हणून मी नागपूरला जाऊन चाळीसवालाच शोधला, घासाघीस करून भाव पाडला आणि डझनभर उचलले.

तपासून उचलले. कटोरीला बारीक कानस लावायची. घसरली तर पोलाद कडक. चावली तर माल कच्चा, छर्रे त्यात नाली पाडणार. काउंटरवरच्या नमुन्यावर कानस मस्त घसरली. डबे सीलबंद होते, वर 'हेवी' छापलेलं. दुकानात आलेल्या कोणाच्या शब्दावर मी कधी भरवसा ठेवला नाही, तो डब्यावरच्या शब्दावर ठेवला.

देवरावचं चाक उघडलं. कटोरीत ही नाली! उरलेले अकरा डबे तिथेच फोडले. नऊ हबांवर कानस चावली.

दहाही हब पिशवीत घालून नागपूर गाठलं. शेठ गादीवर चहा पीत होता.

"भाऊ, भाव किती पाडला, आठवते का? त्या भावात असाच माल येते."

"मंग नमुना कोन्त्या भावाचा होता?"

"नमुना दाखवाले असते. आन् सायकलवर मानसानं बसावं. पोते काऊन लादता?"

"वांगे काय विमानानं नेऊ? तुमी गादीवर बसता म्हनून सारी दुनिया बसूनच राह्यते का?"

दोन गिऱ्हाइकं हसली. मी आवाज आणखी चढवला. तेव्हा रस्त्यावरचे चार जण आत डोकावले. शेठचा चहा निवला आणि हब बदलून मिळाले. या वेळी त्याच्या नाकासमोर एकेक डबा फोडला, एकेका कटोरीला कानस लावली. चावले ते बाजूला सारले, घसरले तेवढेच घेतले.

देवरावचं चाक मी फुकट बांधून दिलं. त्याने ते फिरवून पाहिलं आणि विचारलं, "चाकाचं झालं दादा. वांग्याचं कोन पाह्यते?"



धडा एवढाच. नमुना तपासू नका, डबा तपासा.

त्या दिवशी मी शेठच्या दुकानातून निघत असताना त्याचा माणूस मी परत केलेले दहा हब नव्या 'हेवी' डब्यांत भरून मांडणीवर लावत होता. ते आता कोणाच्या तरी चाकात गेले असतील. कोणी आंजीचा असेल, कोणी तळेगावचा. शेठने त्या दहा जणांची नावं सांगावी. नसतील माहीत, तर त्यातला पहिला जिथे आडवा होईल, तिथे स्वतः येऊन उभं राहावं.