रादिसावने संताच्या दिवशी दार लावलं

रादिसाव म्हणजे एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा, आईसोबत राहणारा माणूस. आई मिलुंका, वय शहाऐंशी. दोन वर्षांपासून ती विसरायला लागली होती. आधी शेगडी, मग गल्ली, मग पोटच्या पोराचं तोंड. कुणी विचारलं की रादिसाव म्हणायचा, "मजेत आहे. आत्ताच झोपलीय." दोन वर्षं बाई झोपलेलीच! आणि आम्ही शेजाऱ्यांनीही ते मुकाट ऐकून घेतलं.

खरं असं होतं की ती उठून नदीकडे चालू लागायची, म्हणून तो तिला शालीने खुर्चीला बांधायचा. अंघोळीचं तर विचारूच नका. "परका माणूस माझे कपडे काढतोय हो!" म्हणून ती किंचाळायची, नखं मारायची आणि शेवटी डोळे घट्ट मिटून थरथरत बसायची. मागच्या शुक्रवारी त्याने तिच्या थोबाडीत मारली. आईच्या! त्यानंतर त्याला आरशात बघवेना. दाढीसुद्धा तो चाचपडत करायचा.

अशात संत निकोलाचा दिवस आला. आमच्याकडे प्रत्येक घराचा आपला एक संत. त्याच्या दिवशी आमंत्रण द्यायचं नसतं, माणसं आपणहून येतात, आणि आपण दार उघडं ठेवायचं. रादिसावला घाम फुटला. लोक येणार, शाल बघणार, गालावरचा डाग बघणार. त्याने पाद्र्याला सांगून टाकलं, "यंदा संताचा पाव कापायला येऊ नका." सणाच्या जेवणाचे मासे आणले नाहीत, पडदे ओढले, कडी घातली. वाटलं, सुटलो.

पण आमच्या गल्लीत घरात मयत झाल्याशिवाय हा सण कुणी बुडवत नाही, एवढं काही या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी दारावर थाप पडली. बाहेर भिंतीपलीकडची पेर्साकाकू, तिची सून ल्युबिंका आणि आणखी दोघीजणी. चौघी काळ्या कपड्यांत, हातात कॉफी नि साखरेची पुडकी, मयताच्या घरी नेतात तशी.

"कधी गेली रे?" पेर्साकाकूने डोळे पुसत विचारलं. "आणि कळवायचं नाही? आम्ही काय मेलो होतो?"

"कोण गेली?"

"तुझी आई, दुसरी कोण!"

तेवढ्यात आतून आवाज आला, "अरे, आत घे की त्यांना! दारात काय उभं करतोस?"

ल्युबिंकाच्या हातून साखर पडली. पेर्साकाकू त्याला बाजूला सारून आत शिरली. खुर्ची, शाल, पाठीमागची गाठ, पिवळा पडलेला डाग, खोलीतला वास, सगळं एकदमच दिसलं.

"मीच बांधतो," रादिसाव म्हणाला. त्याची मान वर होईना. "आणि मारलंसुद्धा. शुक्रवारी. थुंका माझ्या तोंडावर नि जा."

काकू गुडघे टेकून गाठ सोडू लागली. "माझा नवराही शेवटी असाच झाला होता, त्याला मी कपडे वाळवायच्या दोरीने बांधायचे," ती म्हणाली. "त्याच्या मातीला येऊन तूच म्हणालास, 'काकू, किती केलंत हो त्यांचं.' त्या दिवशी लाजेने मला घास गिळवला नाही." मग तिचा आवाज चढला. "पण मारायचं नाही, गाढवा! दमलास तर भिंतीवर थाप मारायची. बोल, काय हवंय तुला?"

"तिला अंघोळ... कुणी बाईने घातली तर. मला ती लाजते."

पाणी तापलं. बायका मिलुंकाला घेऊन न्हाणीत गेल्या, दार लागलं. रादिसाव टॉवेल घेऊन बाहेर उभा राहिला, किंचाळी कधी येते याची वाट बघत. ती आलीच नाही. "हळू गं, कानात साबण जाईल," असं आई म्हणाली आणि चक्क हसली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढंच तर हवं होतं तिला! आणि आपली अब्रू झाकायला आपण दोन वर्षं तिची उघडी टाकली.

"टॉवेल दे रे," काकूने दार किलकिलं केलं. "तोंड तिकडे कर."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हात मागे लांबवला.

"कोण गं तो?" आतून मिलुंकाने विचारलं.

"तुझा मुलगा."

"भला दिसतोय," ती म्हणाली. "बघत नाही."