ओटी लागेल

मी चौथी शिकलेला माणूस. सजवून लिहिता येत नाही, झालं तसं लिहितो.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. मुलाने रजा काढली आणि माझ्या गावच्या खाडीवर गेला, पिवळ्या कयाकमधून मासे मारायला. कयाक म्हणजे एकट्याने बसायची प्लास्टिकची होडी. आईच्या मागे तो घरात टिकत नव्हता. मी अडवलं नाही. अडवायला पाहिजे होतं.

त्याच खाडीच्या तोंडाशी माझा थोरला भाऊ बुडाला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. मी विसाव्या वर्षी दिल्ली गाठली, सरकारी ऑफिसात शिपाई झालो, आणि घरात समुद्राचं नाव काढू दिलं नाही. बायको वऱ्हाडातली. दरवर्षी म्हणायची, एकदा समुद्र दाखवा. मी ताटावरून उठायचो. न बघताच गेली.

त्या दिवशी सकाळी सातला मुलाचा फोन आला. आमच्या गाझियाबादला धुरात समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. तिकडे म्हणे लख्ख ऊन, पाणी हलतसुद्धा नाही. अशा पाण्याला भुलून माणूस लांब जातो, म्हणून मला बरं वाटेना.

भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. द्वादशी. आमच्या गावाकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती पुरी, मग पाणी बाहेर ओढणार.

“ऐक,” मी म्हटलं, “नऊला ओहोटी लागेल. खाडीच्या तोंडाशी जाऊ नकोस.”

आवाज तुटत होता. “अच्छा, नऊला. खाडीच्या तोंडाशी. बिल्कुल, बाबा.”

ऐकलं एकदाचं, असं वाटलं.

साडेनऊला सून चहा घेऊन आली. तीही मुलासारखी दिल्लीतच वाढलेली, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली.

“बाबा, आईंची ओटी भरायचं तुम्ही चांगलं सुचवलंत.”

“कसली ओटी?”

“तुम्हीच म्हणालात ना? ह्याचा फोन आला होता मला. नऊला ओटी लागेल, खाडीच्या तोंडाशी. नारळ, खण सगळं घेतलंय त्याने. तांदूळ किती घालायचे विचारत होता.”

चहा माझ्या लेंग्यावर सांडला. “ओहोटी म्हटलं मी! ओहोटी!”

“म्हणजे?”

तिला माहीत नव्हतं. त्याला तरी कुठून असणार? माझ्या घरात तो शब्द कुणी ऐकलाच नव्हता.

मुलाचा फोन लागेना. गावातल्या चुलतभावाला लावला. त्याची मच्छीमारीची होडी आहे.

तो म्हणाला, “तोंडाशी मघाशी पिवळं काहीतरी दिसत होतं. आता नाही दिसत. कोण येडा आहे तो?”

“माझा.”

तो म्हणाला, “इंजिन चालू करतो.”

सून देवापुढे जाऊन बसली. मी कॅलेंडरकडे बघत राहिलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. पाणी कुठवर उतरलं असेल ते मला इथे बसून कळत होतं. तोंडाजवळच्या खडकाची पाठ आता उघडी पडली असेल. भावाची होडी त्या खडकावरच उलटली होती. अकरा वाजले. बायको असती तर मला काय काय बोलली असती, आणि खरं तेच बोलली असती.

पावणेबाराला फोन वाजला. चुलतभावाच्या फोनवरून मुलगा बोलत होता. त्याचे दात वाजत होते.

“बाबा, ठीक आहे मी. काकांच्या होडीत आहे. कयाक गेली. काय खेचतं यार पाणी! वल्हं मारतोय, मारतोय, आणि किनारा लांबच चाललाय.” मग हळूच म्हणाला, “पण ओटी दिली हां. आईला समुद्र बघायचा होता ना.”

मी ओरडलो. “गाढवा, ओटी नाही. ओहोटी. म्हण!”

“ओहोटी.”

“परत म्हण.”

“ओहोटी. म्हणजे काय, बाबा?”

“तुझ्या मोठ्या काकाला घेऊन गेली ती.”

इंजिनाच्या आवाजातून त्याने विचारलं, “कोण मोठे काका?”