नीलम्मासाठी शंख

ज्योत्स्नाबाईंनी लातूरच्या पोस्टात खिडकीवर पस्तीस वर्षं काढली. रांग मोडून पुढे घुसणारा माणूस दहा वर्षांनी पुन्हा खिडकीशी आला, तरी बाई त्याला ओळखायच्या आणि तसं तोंडावर सांगायच्या. विसरणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मग देवणीच्या शाळेतला तो शंख त्या कशा विसरतील?

सातवीची सहल रत्नागिरीला निघाली होती. बौद्धवाड्यातून एकट्या ज्योत्स्नाचं नाव होतं. बापानं नवा फ्रॉक शिवून आणला होता. आदल्या दिवशी मास्तर म्हणाले, "बाकीच्या पोरींच्या घरचे जेवणावरून कुरकुर करायलेत. तू पुढच्या साली ये." ते पुढचं साल काही आलं नाही. सहलीहून ईश्वरप्पांची नीलम्मा पिशवीभर शंख घेऊन आली. ईश्वरप्पा म्हणजे गावातले मोठे जमीनदार, त्यामुळे पोरीचा तोराही तसाच. तिनं प्रत्येकीच्या तळहातावर एकेक शंख ठेवला. ज्योत्स्नाच्या हातावर मात्र हातभर उंचीवरून सोडला, बोटाला बोट लागू नये म्हणून. तो फरशीवर पडून फुटला.

"मला बी समुंदर बघायचा व्हता," ज्योत्स्ना म्हणाली.

"तुला समुंदर बघून काय करायचंय?" नीलम्मा म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. पोस्टातल्यांना सरकारी सवलतीत विमानानं अंदमानला जाता येतं. बाकीचे केव्हाच जाऊन आले. बाईंनी ती संधी निवृत्तीच्या वर्षापर्यंत राखून ठेवली, आणि निघण्याआधी मुद्दाम देवणीला गेल्या. नवरा वारल्यापासून नीलम्मा माहेरीच राहत होती.

"अंदमानला चाललेय. तुला काय आणू?"

"एखादा मोठा शंख आण की गं," नीलम्मा म्हणाली. तिच्या काहीच ध्यानात नव्हतं, आणि बाईंना त्याचाच जास्त राग आला. आणते, त्या मनात म्हणाल्या, आणि हातभर उंचीवरूनच सोडते.

अंदमानातल्या नील बेटावर बाई आपल्या नवऱ्याबरोबर, आनंदराजांबरोबर, चार दिवस राहिल्या. सीतापूरच्या किनाऱ्यावर सकाळी चिटपाखरू नसायचं. आनंदराज पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचे आणि लहान पोरासारखे ओरडायचे, "अगं, इकडं बघ तरी! सूर्य वर यायलाय!"

"बघते. आधी शंख."

बाई मान खाली घालून वाळू तुडवत राहायच्या. हा लहान, तो टवका उडालेला. एक चांगला सापडला तर तोच चालायला लागला, आत खेकडा राहत होता. चौथ्या दिवशी, निघायच्या तासभर आधी, मुठीपेक्षा मोठा, गुलाबी ओठांचा शंख मिळाला. बाईंनी तो रुमालात गुंडाळला आणि किनाऱ्याकडे पाठ फिरवली. आता नीलम्माची खैर नव्हती.

पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर तपासणीत शंख बाहेर निघाला. इथून शंख-शिंपले न्यायला बंदी आहे, भिंतीवर पाटीही होती. बाई वाद घालून थकल्या. शिपायानं शंख उचलून खोक्यात टाकला. खोकं असल्याच शंखांनी भरलं होतं.

विमानात आनंदराज त्यांना खिडकीशी बसवू लागले, पण बाईंनी रागारागानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खाली ढग होते.

देवणीला आनंदराज एसटी स्टँडवरच थांबले. नीलम्मा बाईंना उंबऱ्यातच भेटली. तिनं दोन्ही हात पुढे केले. "आणलास का?"

"न्हाई. तिथं आणू देत न्हाईत."

"असू दे गं. बस." तिनं चहाचा कप बाईंच्या हातात दिला, बोटाला बोट लागलं तरी तिला काही वाटलं नाही. "मला सांग तरी, कसा असतो समुंदर? मी लहानपणी बघितलेला, आता काई बी आठवत न्हाई बघ."

बाईंनी तोंड उघडलं. सांगायला काहीच नव्हतं. चार दिवसांतली वाळू तेवढी डोळ्यांसमोर आली, पिवळी, ओली, खेकड्यांच्या बिळांची. अंगाचा तिळपापड झाला. कप खाली ठेवून त्या उठल्या.

"तुला समुंदर ऐकून काय करायचंय?"

नीलम्मा आधी हसली. मग हसू विरलं. तिनं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला आठवलं होतं. सेहेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो चेहरा बाईंनी डोळे भरून पाहिला आणि त्या पायऱ्या उतरल्या.

लातूरच्या एसटीत आनंदराजांनी विचारलं, "झालं का मनासारखं?"

"हाव. झालं."

उदगीर मागे पडलं तरी बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, तिथलं पाणी कसं होतं हो? निळं होतं का हिरवं?"