डाव्या कुशीचा गूळ

सलग नऊ दुपारी मी साखर उतरली म्हणून गूळ खाल्ला. साखर उतरलेली नव्हती.

कर्जतच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर आटोक्यात असेल तरच मोतीबिंदूचं ऑपरेशन. तारीख पंधरा दिवसांवर होती. उजव्या डोळ्याला पळसदरीचं धरण आणि मागचा डोंगर मिळून एकच राखाडी गोधडी दिसायची, त्यामुळे घाई मलाच होती. मुलानं डाव्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवला, मनगटाला घड्याळ बांधलं. साखरेचा आकडा सारखा घड्याळात. बोट टोचायचं यंत्र मी आनंदानं फळीवर ठेवून दिलं.

डॉक्टर म्हणाले होते, "सत्तरच्या खाली दिसली तर बोट टोचून खात्री करा, आणि मग गुळाचा खडा खा." माझ्या कानात गूळ तेवढा राहिला.

पहिल्याच दुपारी पडवीत डोळा लागला आणि घड्याळ थरथरलं. बासष्ट! उठलो, गूळ खाल्ला. पंधरा मिनिटांत एकशे दहा. इतकं गुणकारी औषध मी जन्मात घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घाम नाही, चक्कर नाही, म्हणजे आपली प्रकृतीच काटक, असं मी ठरवलं. पाचव्या दिवसापासून डबा उशाशी आला.

पण दुपारीच का? मी भातावर संशय घेतला, मग पंख्यावर. दहाव्या दिवशी बायको शेजारी वाल सोलत बसली होती. घड्याळ थरथरताच म्हणाली, "अवो, तुमी दुपारचं रोज डाव्या कुशीला, त्या चकतीवरच पडता. दबत नसंल ती?"

मी उठून बसलो, आकडा वर चढू दिला आणि मग दंड दाराच्या चौकटीला दाबून धरला. आकडा एकशे चाळीसवरून उतरत उतरत अडुसष्टवर. सोडला, हळूहळू वर. पुन्हा दाबला, पुन्हा खाली! मला इतकी मजा वाटली की तिसऱ्यांदाही करून पाहिलं.

"पाटा ठेवू का दंडावर?" बायकोनं विचारलं.

मग तिनं फळीवरचं यंत्र काढून माझं बोट टोचलं. दोनशे एकतीस.

डॉक्टरांनी तारीख महिनाभर पुढं ढकलली. सेन्सरवर वजन पडलं की आकडा खोटाच कमी दिसतो, हे समजावून त्यांनी विचारलं, "रोज गूळ किती खाल्लात?"

"नखाएवढा," मी म्हणालो.

बायकोनं पिशवीतून रिकामा डबा काढून टेबलावर ठेवला. विषय बदलायला मी घड्याळ पुढं केलं. "काय सांगू डॉक्टर, घड्याळच खोटारडं निघालं."

"ते तुमी अंगाखाली घेतलं म्हणून खोटं बोललं," बायको म्हणाली. "तुमच्यावर कोण पडलं व्हतं?"