नाडी न लागणारी बाई

दवाखान्यात कुणी प्रेशर बघायला आलं की माझी बायको सुमन हात पुढं करायचीच नाही. पाय पुढं करायची. "पट्टा पोटरीला बांधा. हातात काय मिळायचं न्हाई." नव्या नर्सा हसायच्या. हिला त्याचा राग नाही. "हसून घ्या, मग बांधा."

चाकणच्या एका कारखान्यात ती वायरिंगच्या लाइनवर होती. पस्तिशीतच डावा हात भरून यायला लागला. वेणी घालताना हात खाली पडायचा. मी म्हणायचो, नाटकं करू नको. चौथी शिकलेला माणूस मी, नि वर माजोरी. कंपनीच्या तपासणीत डाव्या हातावर मशीन आकडाच दाखवेना. मागं रांग खोळंबली, म्हणून तिथल्या बाईनं हिच्या पुढचीचा आकडा हिच्या कागदावर उतरवला. शिक्का बसला, फिट.

जिन्यावर धाप लागायला लागली तेव्हा पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात, दोन्ही पाय मोजले. म्हणाल्या, मोठ्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आलीय, वाट अरुंद झालीय. हाताला रक्त पोचत नाही म्हणून तिथं प्रेशर दिसत नाही. आत मात्र ते फार वाढलंय. त्याच्याशी झगडून हृदय मोठं झालंय, झडप गळतेय.

मला काही कळेना. सुमन म्हणाली, "अवो, पाइप आतनं सुजलाय, नि पंप जीव खाऊन ढकलतोय. आता पंप सांभाळायचा."

गोळ्यांनी तिचं तोंड सुजलं. लाइनवरच्या बाया म्हणायच्या, "सुमनताई, कंपनीचं जेवण मानवलं बरं का!"

"गोळ्या हायत बये. देऊ का दोन?"

एक गोळी चुकवली नाही. वीस वर्षं पंप सांभाळला.

एकदा तळेगावला तिच्या भावाकडं गेलो होतो. तिथं तिला एकदम धाप लागली, आडवं होता येईना. जवळच्या लहान दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर डाव्या हाताला पट्टा बांधून ओरडला, "प्रेशरच लागत नाही! सलाइन जोरात सोडा."

हे चुकतंय, मला ठाऊक होतं. पण डॉक्टरपुढं माझी जीभ उचलेना. हिनं तोंडावरचा मास्क ओढून काढला. "ए डॉक्टरा, बाटली बंद कर. मागं असंच छातीत पानी भरलं हुतं. पायाला मोज." एवढं बोलताना तीनदा थांबली.

त्यानं पायाला मोजलं, तर आकडा दोनशेच्या वर निघाला. सलाइन काढलं, पाणी उतरायचं इंजेक्शन दिलं. तासाभरात श्वास खाली बसला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला.

"मावशी, चुकलो."

"चुकलास. आता दुसरीच्या वेळी चुकू नको. ती माझ्यासारखी भांडखोर नसली म्हंजी?"

त्यानंतर चार वर्षं जगली. गेल्या थंडीत, सकाळी चहा गाळता गाळता गेली. हृदयानं ओढायचं तेवढं ओढलं होतं.

उन्हाळ्यात तळेगावला मेव्हण्याकडं मला चक्कर आली. त्याच दवाखान्यात नेलं. नर्सनं एका हाताचं प्रेशर लिहून घेतलं, पट्टा सोडला.

"बाबा, आता दुसरा हात."

"एक बरोबर हाय की."

"आमच्याकडं नव्या पेशंटचे दोन्ही मोजतात."

"कुणी सुरू केलं?"

"काय माहीत. मी आले तेव्हापासून असंच आहे."

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो, नि दुसरा हात दिला.