बरणी कोणी फेकली

सिनेमा संपायच्या आधीच ताईने टीव्ही बंद केला आणि रिमोट असा आपटला की त्याचं झाकण उडून कपाटाखाली गेलं. शेवट काय होणार ते पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. मोठ्या शहरातली नोकरदार मुलगी नाताळात आईच्या बेकरीत परत येते, शेजारच्या विधुर सुताराच्या प्रेमात पडते, बुडत चाललेली बेकरी चार दिवसांत सावरते, आणि मग कापसाचा बर्फ पडतो. डिसेंबरात असले सिनेमे ढिगाने येतात, एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं. फरक एवढाच, की हा ताईच्या धाकट्या बहिणीने लिहिला होता आणि बेकरी ताईची होती.

गल्लीतले सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. पहाटे चारला भट्टी पेटवायची, बारापर्यंत पाव संपवायचे आणि मग वर जाऊन आईचं करायचं, अशी तिने नऊ वर्षं काढली. शेवटी शेवटी आई तिला नर्स समजायची आणि हाताला चावायची. सिनेमातली आई एकदा खोकते, खिडकीबाहेर बघून हसते आणि पुढच्या दृश्यात भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसते. नायिका भट्टीतला तापलेला पत्रा नुसत्या रुमालाने बाहेर काढते, आणि काढल्या काढल्या पाव कापते. गरम पाव कापला की आत लगदा होतो, हे बेकरीवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. लिहिणारी याच घरात वाढली होती.

हे सगळं ताईने गिळलं असतं. गिळता आली नाही ती बरणी.

आईची आंबवणाची बरणी होती. पाव फुगवायला आंबवलेलं पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. रोज त्यातलं थोडं काढून पाव करायचे, आणि काढलं तेवढं पीठ-पाणी परत घालायचं. आईने ती तीस वर्षं अशी जगवली होती. सिनेमात नायिकेची थोरली बहीण, जाडी, वेंधळी, नाकाला कायम पीठ लागलेली, साफसफाईच्या नादात ती बरणी कचऱ्यात टाकते. नायिका डब्यात हात घालून ती वाचवते आणि सुतार तिथेच विरघळतो.

आठ वर्षांपूर्वी घडलं ते असं. आई गेली तेव्हा धाकटी चार दिवसांसाठी आली. तिला एका जागी बसवेना. रडत रडत तिने सगळं घर घासलं आणि औषधांच्या बाटल्यांबरोबर ओट्याखालची बरणीही पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत दिली. दुपारी मामांनी वीस माणसांसमोर विचारलं, बरणी कुठे आहे? धाकटी रडून रडून नुकती कुठे झोपली होती. ताई म्हणाली, माझ्या हातून गेली. मामा म्हणाले, तिने तीस वर्षं सांभाळलं, तुला तीस तास जमलं नाही. ताईने ते ऐकून घेतलं. धाकटीला सगळं ठाऊक असणार, लाजेने बोलत नसणार, असं ती तेव्हापासून धरून चालली होती. आणि आता धाकटीने हा सिनेमा लिहिला.

सोमवारी रांगेत कानाने अधू असलेले मास्तर मोठ्याने म्हणाले, “काय ताई, आज बरणी जागेवर आहे ना?” रांग हसली. शिंपीणबाईंचं म्हणणं पडलं की दाखवलंय तेवढी काही ताई जाडी नाही. ताईने त्यांचे पाव असे बांधले की कागद फाटला.

त्याच दुपारी धाकटीचा फोन आला. लोकांना सिनेमा फार आवडला होता. चॅनेलला खऱ्या बेकरीत दोघी बहिणींची छोटीशी फिल्म करायची होती, गुरुवारी आलं तर चालेल का? ताई फक्त “ये” म्हणाली. मग तीन दिवस ती कणकेला बुक्के मारत काय काय बोलायचं ते मनात जुळवत राहिली.

गुरुवारी अकरा वाजता धाकटी कॅमेरावाल्याला घेऊन आली. त्याला बाहेर थांबवून ताईने तिला मागच्या खोलीत नेलं.

“तू नुसती बरणी हातात धर आणि हस,” धाकटी म्हणाली. “आणि म्हण, माझी चूक झाली होती. लोकांना असं आवडतं गं.”

“कोणाची चूक?”

“असं काय करतेस ताई? तूच मामांना म्हणाली होतीस ना? मी उठले तेव्हा सगळे तेच सांगत होते.”

ताईने फळीवरची बरणी काढली. जुनी गेल्यावर तिने शून्यापासून सुरू केलेली. झाकण उघडून तिने ती धाकटीच्या नाकाखाली धरली. “वास घे.”

धाकटीने तोंड फिरवलं. मग फिरवलेलं तोंड हळूहळू परत आणलं, पुन्हा वास घेतला, आणि तिचा चेहरा उतरला.

“औषधांबरोबर एक बरणी होती,” ती म्हणाली. “मला वाटलं, पीठ नासलंय.”

तीन दिवस जुळवलेलं सगळं बोलणं फुकट गेलं. हिला खरंच माहीत नव्हतं. अठरा वर्षं या घरातला पाव खाल्ला आणि तो ज्याने फुगतो ते समोर असून हिला ओळखता आलं नव्हतं. हा राग आधीच्या रागाहून मोठा होता.

“तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू रडत होतीस.”

“आणि नंतर? आठ वर्षांत?”

ताई आणखीच भडकली. “बाहेर मास्तर उभे आहेत,” ती म्हणाली. “त्यांना सांग. कॅमेरा नको.”

धाकटी बाहेर गेली. दारातून आधी कुजबूज ऐकू आली, मग मास्तरांचा आवाज, “मोठ्याने बोल बाई, मला ऐकू येत नाही.”

“बरणी मी फेकली होती,” धाकटी म्हणाली.

ताई बाहेर गेली नाही. तिने मूठभर पीठ बरणीत घातलं, पण निम्मं ओट्यावरच सांडलं. राग तसूभरही उतरला नव्हता. बाहेर कोणीतरी पाव मागितला, आणि धाकटीने सुरीचा खण उघडल्याचा आवाज आला.

“कापू नकोस,” ताई आतूनच ओरडली. “गरम आहे तो.”