मामीचा पहिला गिअर

या जगात वाईट असं काही घडतच नाही, जे घडतं ते चांगलंच असतं आणि ते आपल्याला जरा उशिरा कळतं, असं छातीठोकपणे सांगणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली आहे, आणि ती नात्याने माझी मामी लागते. मी स्वतः जन्माचा चिंतातुर. यवतमाळहून सुटणारी एसटी वेळेवर लागली तरी हिचे ब्रेक लागतील की नाही, या विचाराने माझी निम्मी वाट खराब होते. म्हणून मन फारच खाली बसलं की मी ढाणकीला मामीकडे एक दिवस राहून येतो. औषध कडू असतं म्हणतात, हे मात्र इतकं गोड आहे की कधी कधी त्याचाच वैताग येतो.

ढाणकीच्या उन्हात दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं आणि नेमकी तेव्हाच लाईन जाते. सारी आळी वीजवाल्यांच्या नावाने शंख करत असते आणि मामी बंद पडलेल्या कूलरकडे मायेने पाहून म्हणते, "बरं झालं बापा, बिचारा सकायपासून घरघर करून राह्यला होता. थोडा दम खाईन." एकदा छतावर वाळत घातलेल्या मुगवड्यांवर वानरांची टोळी उतरली. मी काठी शोधेपर्यंत निम्म्या वड्या फस्त झाल्या होत्या. मामीने उरलेल्या निम्म्या पदरात गोळा केल्या आणि परीक्षेत पास झाल्यासारखी म्हणाली, "म्हणजे औंदा मीठ बराबर पडलं. मांगच्या साली त्याईनं तोंडबी नोतं लावलं." दूध नासलं की तिला ते नासलेलं दिसतच नाही. तिच्या मते त्या दुधाला पहिल्यापासून कलाकंदच व्हायचं होतं.

तिने आजाऱ्याला भेटायला जाऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे, पण ती सगळ्यांच्या आधी पोचते. शेजारचा एक जण झाडावरून पडून पाय मोडून घेऊन बसला होता. मामी त्याच्या उशाशी बसली, प्लास्टरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "एकच मोडला, हे कितीक बरं झालं. दुसरा पाय पाह्य तं, किती चांगला हाय!" त्या माणसाने दुसऱ्या पायाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तो त्याला आत्ताच भेटत होता. दुसऱ्या एकाला कुत्रा चावला तर हिने विचारलं, कुत्रा ओळखीचा होता ना? तो हो म्हणाला. "मंग काय!" म्हणून ही चहा पिऊन परत आली. गंमत अशी की ती गेल्यावर लोक थोडा वेळ चिडतात आणि मग खरोखरच उठून बसतात.

मामा याच्या अगदी उलट. ढाणकी ते उमरखेड या रस्त्यावर त्यांनी उभं आयुष्य प्रवासी व्हॅन चालवली, आणि त्या आयुष्यात कुणाला खोटा धीर म्हणून दिला नाही. "भाऊ, लवकर पोचू का?" असं कुणी विचारलं की "नाही," एवढंच. अशा या माणसाला दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. डावा हात आणि डावा पाय गेला, तोंड किंचित एका बाजूला ओढलं गेलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं की डावा हात परत येईल असं धरून चालू नका. बाहेर आल्यावर मामीने जमलेल्या नातेवाइकांना बातमी दिली, "डॉक्टर म्हणे, उजवा एकदम पक्का हाय." मामांना बोलता येत होतं, पण आता कुणाशी बोलायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. समोरच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली होती, तिच्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण भरवलं तर जेवत, उठवलं तर उठत. आपलं वाकडं तोंड गावाने पाहू नये म्हणून दारात पाऊल टाकत नसत. मला वाटलं, मामा गेले. देह आहे, पण माणूस गेला. मी तसं मामीला बोललोही. ती म्हणाली, "भिंतीकडं तोंड हाय ना? मंग खिडकीकडं कान असंन."

त्याच महिन्यात तिने उमरखेडला गाडी शिकायचा क्लास लावला. घर चालायला गाडी चालणं भाग होतं, हे खरंच. पण शिकवणाऱ्या माणसाने पुढे धंदा बदलला, अशी गावात वदंता आहे. लायसन्स हातात पडल्यावर मामी व्हॅनमध्ये जाऊन बसली. मामा उंच आणि मामी ठेंगणी, त्यामुळे तिचा पाय क्लचपर्यंत धड पोचेना. मी सीट पुढे सरकवायला गेलो तर ओरडली, "हात लावू नको! हे उद्या आले तं पुन्हा कोन सरकवते?" मग पाठीमागे गादीची वळकटी आणि तिच्यावर लोड अशी बैठक रचून ती स्टिअरिंगला जवळजवळ मिठी मारून बसली. तिची गाडी पहिल्या गिअरमध्ये निघे आणि बहुतेक पहिल्यातच पोचे. दुसऱ्या गिअरचा शोध ती जाता-येता घेत असे, तो तिला कधी सापडे, कधी नाही. सायकलवाले पुढे निघून जात. कुणी तक्रार केली तर म्हणे, "खड्डे कसे नीट मोजून चाललो आपन! भरधाव जानाऱ्याले हे दिसते का?" पंक्चर झालं की सगळ्यांना खाली उतरवून पिशवीतले मुरमुरे वाटे. लोक तिच्याच गाडीत का बसायचे, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. पुढे कळलं की उमरखेडला कोर्टात, दवाखान्यात, निकाल पाहायला अशा कामांना जाणारे मुद्दाम तिची गाडी धरत.

एका सकाळी मी ढाणकीलाच होतो. दारात गाडी भरली होती, मामीने इंजिन सुरू केलं आणि पहिला गिअर टाकला. करर्रर्र असा आवाज झाला की आळीतल्या कोंबड्या उडाल्या. तो विरतो न विरतो तोच खिडकीतून जोराचा आवाज आला, "क्लच! क्लच पुरा दाब वं!"

मी धावत खोलीत गेलो. मामा कोपरावर उठून बसले होते, चेहरा संतापाने लाल. कित्येक महिन्यांनी मी त्यांचा चेहरा समोरून पाहत होतो. मामीने गाडी बंद केली, हात पुसत आत आली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "काही म्हनलं का हो तुमी?" मामा पुन्हा भिंतीकडे वळले. बाहेर जाताना मामी माझ्या कानाशी लागली, "पाह्यलं? शिवी नाही देल्ली, पन देनार होते."

त्या दिवसापासून त्या गिअरबॉक्सचे जे हाल सुरू झाले, ते सांगायला नकोत. रोज सकाळी खिडकीखाली उभी राहून गाडी करवादत होती आणि रोज सकाळी आतून क्लचच्या नावाचा गजर होत होता. मला गाडीतलं काही कळत नाही, तरी रस्त्यावर बऱ्यापैकी पडणारा गिअर घरासमोरच का अडतो, हे मलाही कळायला लागलं. मी तसं विचारलं तेव्हा मामी म्हणाली, "मले कायले विचारतं? गाडीले विचार." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मेकॅनिक मात्र हवालदिल झाला होता.

मग एका बाजाराच्या दिवशी कडी झाली. गाडीत मागच्या बाजूला तांड्यावरची एक म्हातारी बसली होती. तिला सगळेच याडी म्हणतात, बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. मामीने गिअर टाकला, हाडं खिळखिळी करणारा आवाज झाला आणि याडीने खिडकीतून डोकं बाहेर काढून खोलीच्या दिशेने हाक दिली, "ओ डायवर! भाईर ये ना बापा! तुयी बायको आमाले बाजाराच्या आंधी वरतं पोचवून राह्यली!"

सगळी गाडी हसली. खोलीत काठीचा आवाज झाला. मामा दारात आले. बनियनवर, दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, तसेच. गाडीतलं हसू जागच्या जागी थांबलं. मला वाटलं, मामी धावत जाऊन हात देईल, पण ती समोरच्या काचेवर नसलेली धूळ पुसत राहिली. मामा पाय ओढत गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, दार उघडलं, कसेबसे चढले आणि तिच्या शेजारी बसले. त्यांचा उजवा हात, तो एकदम पक्का असलेला हात, गिअरच्या दांडीवर आला. "दाब," ते म्हणाले. मामीने क्लच दाबला, मामांनी गिअर टाकला आणि गाडी जरासाही आवाज न करता निघाली. मागून याडी म्हणाली, "आता कशी शानी झाली!"

तेव्हापासून ती व्हॅन दोघं मिळून चालवतात. पाय आणि स्टिअरिंग मामीचं, गिअर मामांचा. मध्ये भांडण चालू असलं तरी दाबणं आणि टाकणं चुकत नाही. उमरखेडच्या स्टँडवर मामा खाली उतरतात, पानठेल्यावर चारचौघांत उभे राहतात आणि कुणी विचारलं तर "नाही," म्हणतात.

परवा मी त्या गाडीत मागे बसलो होतो. कॅनॉलच्या चढाआधी म्हशींचा कळप आडवा आला म्हणून थांबावं लागलं. मामी मागे वळून म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात पाह्यशीन बाबू, हे एकटेच नेतीन गाडी. मी तुयासारखी मांगं बसून झोपा काढीन." बोलता बोलता तिने मामांच्या मांडीवर पडलेला डावा हात उचलून सावलीत ठेवला, कारण खिडकीतून त्याच्यावर ऊन येत होतं. तो हात तिने ठेवला तसाच राहिला. डॉक्टरांचं बोलणं मामांनी आपल्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि मामीनेही. मामा काही बोलणार नाहीत, किंवा आपलं "नाही" म्हणून मोकळे होतील, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी उजवा हात गिअरच्या दांडीवर ठेवला.

"हाव," ते म्हणाले. "नेईन."

मामी पुढे वळली आणि तिने क्लच दाबला. शेवटची म्हैस रस्त्याकडेला गेली. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला आणि रडूही आलं, म्हणून मी खिडकीबाहेर तोंड केलं, आणि चढावर गाडीने दुसरा गिअर कधी घेतला ते मला कळलंच नाही.